नारळाचं पाणी आणि मोरोक्कोचा डफ

मी कॉलेजात भूगोल शिकवते. सोळा वर्षं झाली, भिंतीवरच्या नकाशावर छडी टेकवून सहारा वाळवंट, ॲटलास पर्वत, सेनेगल नदी दाखवत आले आहे, आणि स्वतः हैदराबादच्या पुढे गेलेली नाही. पोरं कधीतरी विचारतात, "मॅडम, तुमी बघितलंय का हे?" मी म्हणते, "पुस्तकात बघितलंय." ती हसतात, मीही हसते, पण आतून थोडं लागतंच. त्यामुळे मागच्या सप्टेंबरात प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, की तीन देशांचे तीन वादक नांदेडला येणार आहेत आणि जाता जाता दोन तास आपल्याकडे वाजवायला तयार झालेत, तेव्हा मी उभ्या उभ्या तीनदा 'हो' म्हटलं. सांस्कृतिक समितीची प्रमुख मीच. ते पद दुसऱ्या कुणाला नको होतं, म्हणून माझ्याकडे आलं होतं.

आमचं कॉलेज हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. इथे परदेशी माणूस म्हणजे टीव्हीत दिसणारी गोष्ट. येणार होते ते असे: एक सेनेगलचा, भोपळ्याचं एकवीस तारांचं वाद्य वाजवणारा. एक आयर्लंडचा, लाकडी बासरी वाजवणारा. आणि एक मोरोक्कोची बाई, हातभर रुंदीचा गोल डफ वाजवणारी. मी व्हरांड्यात जगाचा नकाशा लावला, तिन्ही देशांना लाल टाचण्या टोचल्या, हिंगोलीला हिरवी टोचली, आणि खाली चपलेच्या खोक्याला भोक पाडून ठेवलं. पाहुण्यांना काय विचारायचंय ते चिठ्ठीवर लिहून टाका, म्हटलं.

चार दिवसांत खोकं भरलं. 'तुमच्याकडं लग्नात डीजे लावतात का?' 'शेळ्या काय खातात तिकडं?' 'बाईमाणसाला डफ वाजवू देतात का घरचे?' 'तुमी वाजवताना डोळे मिटता, ते काहून?' एका चिठ्ठीत लिहिलं होतं, 'तुमचं गाणं आमाला कळलं न्हाई तर तुमाला राग येईल का?' ही चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवून दिली. परीक्षेच्या पेपरात मला कधी इतका चांगला प्रश्न काढता आलेला नाही.

प्राचार्यांचं वेगळंच चाललं होतं. "मॅडम, जरा लोकल टच पाहिजे. आपली लेझीम आहेच. पण हलगी पाहिजे, हलगी. तुमच्याकडचे असतील की कुणी वाजवणारे?"

माणूस वाईट नाही. माझ्या बाळंतपणात सहा महिने माझे तास त्यांनी स्वतः घेतले होते. पण 'तुमच्याकडचे' हा शब्द त्यांच्या तोंडातून इतका सहज आला की त्यांना तो ऐकूसुद्धा आला नसणार. मी म्हटलं, "सर, आमच्याकडचे आता शिक्षक आहेत, नर्स आहेत, दोघं बँकेत आहेत. हलगीवाला तुमच्याकडचा कुणी असेल तर बघा." त्यांना तो विनोद वाटला. मी दोन दिवस धुमसत होते.

आम्ही बौद्ध. आजोबांच्या काळी गावात हलगी वाजवणं हे आमच्या घरांना लावून दिलेलं काम होतं. लग्नाच्या वरातीपुढे वाजवायची, दवंडीला वाजवायची, गावात कुणी मेलं की वाजवायची. निरोप आला की हातातला घास टाकून निघायचं. वाजवताना सगळ्यांच्या पुढे आणि जेवायला सगळ्यांच्या मागे, तेही लांब बसून. दीक्षा घेतल्यावर आमच्या वस्तीनं एका सकाळी बैठक घेतली आणि ठरवलं, की यापुढे कुणीही हलगीला हात लावणार नाही. घराघरातल्या हलग्या लिंबाखाली आणल्या. आजोबांनी आपली हलगी आपल्याच माणसांपुढे शेवटची वाजवली, मग विळा घेऊन स्वतः कातडं फाडलं. उरलेली कडी पोरांनी गाडा म्हणून गावभर फिरवली.

हे मला वडिलांनी सांगितलेलं नाही. आत्यानं सांगितलं. आत्या वडिलांपेक्षा आठ वर्षांनी मोठी, साखरा गावी दिलेली, आता ऐंशीच्या पुढची. त्या बैठकीला हजर असलेल्यांपैकी आज ती आणि माझे वडील एवढेच उरलेत. वडील तेव्हा अकरा वर्षांचे होते. दोन वर्षं आजोबांबरोबर वाजवून झालेली होती.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नाना पुढे शिकले, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाले, हट्टा गावच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. अर्धा तालुका त्यांना गुरुजी म्हणतो, आमचे प्राचार्यसुद्धा. लग्नात बँड सुरू झाला की नाना उठून बाहेर जातात. जयंतीच्या मिरवणुकीत ताशापासून शंभर पावलं पुढे चालतात. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "नाना, आजोबा काय वाजवायचे?" ते म्हणाले, "ते इचारायचं न्हाई." मी विचारलं नाही, पण माझ्या डोक्यातून ते कधी गेलंही नाही. जगातल्या सगळ्या नद्यांची नावं मला पाठ आणि आपल्या आजोबानं हलगीवर कोणता ठेका वाजवला ते ठाऊक नाही, याची मला लाज वाटायची.

पाहुण्यांचं सांगितलं तेव्हा नानांनी एकच प्रश्न धरला. "भोपळ्याला एकवीस तारा? त्या ताणानं भोपळा फुटत कसा न्हाई?" सकाळी चहाला तोच प्रश्न, संध्याकाळी तोच. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी येऊ का गं बघायला?" मी म्हटलं, "या की. बासरी पण आहे." डफाचं मात्र सांगितलं नाही. विसरले नव्हते. मुद्दाम सांगितलं नाही. नानांनी तो ऐकावा, ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला बघायला मिळावं, एवढी माझी हाव होती. आज ते लिहिताना बरं वाटत नाही, पण होतं ते असं.

कार्यक्रमाच्या दिवशी आभाळ भरलेलं होतं आणि हवा नुसती चिकट. पाहुणे अकराला आले. बरोबर पुण्याची एक तरुण दुभाषी होती. पोरांनी गाडीला गराडा घातला. सेनगावकडची एक मुलगी आहे माझ्या वर्गात, घरी मेंढ्या आणि शेळ्या. वर्गात तिचं तोंड उघडत नाही. ती सगळ्यांना ढकलून पुढे गेली, मोरोक्कोच्या बाईच्या हातातल्या डफावर बोट ठेवलं आणि विचारलं, "शेळीचं का बोकडाचं?" दुभाषीनं विचारलं. बाई एवढी खूश झाली की तिनं डफच मुलीच्या हातात दिला. "शेळीचं," दुभाषी म्हणाली. "बराबर," मुलगी म्हणाली. "बोकडाचं जाड असतंय." मग दोघींनी डफ उन्हाला धरावा तसा आभाळाकडे धरून कातडं पाहिलं. पाठीच्या कण्याची काळसर रेघ मुलीनं दाखवली. बाईनं मान हलवली. मी वर्गात तीन महिने शिकवलेला आफ्रिका खंड एका बाजूला आणि हे एका बाजूला.

मग आमचं नेहमीचं सुरू झालं. हारतुरे, शाली, फेटे. आयर्लंडच्या माणसाच्या डोक्याला फेटा बसेना, तो तीनदा सुटला. मागे फ्लेक्सवर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो तिन्ही पाहुण्यांना मिळून होईल एवढा मोठा. भाषणांत पाऊण तास गेला. नाना तिसऱ्या रांगेत, पांढरा शर्ट, मांडीवर हात, नजर टेबलावरच्या भोपळ्यावर. शेजारी डफ होता, तोही त्यांनी पाहिला असणार. माझ्याकडे त्यांनी एकदा नुसतं पाहिलं. मी सूत्रसंचालनाच्या कागदात डोकं घातलं.

आता वाद्यपूजन, असं मी म्हटलं आणि अध्यक्ष उठले. आमचे अध्यक्ष दयाळू, हौशी आणि पूजनात पक्के तरबेज. तालुक्यात कुठे बोअर घ्यायची असो, ट्रॅक्टर आलेला असो, रस्त्याचं काम निघालेलं असो, नारळ त्यांच्या हातचा. त्यांचा हात त्या क्रमानं चालतो, मधे विचार करायला थांबत नाही. त्यांनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, फूल ठेवलं. टेबलाखालच्या दगडावर नारळ आपटला. आणि नेहमी बोअरच्या मशीनवर ओततात तसं दोन्ही कवडांतलं पाणी टेबलावर ओतलं.

सेनेगलचा माणूस चपळ निघाला. त्यानं आपलं वाद्य तान्ह्या लेकरासारखं उचलून घेतलं. बासरी पेटीत होती. डफ मात्र उताणा पडलेला, सगळं पाणी त्यानं प्यायलं. सभागृहात टाळ्या पडल्या.

बाईनं हसून डफ उचलला, पदरासारख्या ओढणीनं पुसला आणि विंगेत गेली. मी मागोमाग गेले. तिनं बोटानं कातड्यावर टिचकी मारली. आवाज आला तो ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. तिनं पुन्हा मारली. मग दुभाषीला हळू आवाजात काहीतरी म्हणाली. दुभाषी म्हणाली, "हा त्यांच्या आजीचा आहे. बरोबर दुसरा आणलेला नाही." ते पूजन कागदावर मी लिहिलेलं होतं, आणि दोन वाक्यं आधी बोलून अध्यक्षांचा हात थांबवणं माझं काम होतं.

मी बाहेर येऊन क्रम बदलला. आधी बासरी, मग भोपळा, असं जाहीर केलं आणि पुन्हा आत पळाले. विंगेत आमच्या प्राध्यापकांची सभा भरली होती. एक म्हणाले, पंख्याखाली ठेवा. लाईट गेलेली होती, माईक तेवढा जनरेटरवर. एक म्हणाले, कोळशाची इस्त्री फिरवू का. एक म्हणाले, गच्चीवर ठेवू, ऊन पडलं तर पडलं. बाई प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती आणि डफ छातीशी धरत होती.

"इस्त्री लावू नका. चिरंल ते."

नाना होते. कधी उठून आले कळलं नाही. त्यांनी खिशातला धुतलेला रुमाल काढला, बाईपुढे हात केला आणि थांबले. बाईनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि डफ दिला. नानांनी तो काठानं धरला, कातड्याला बोट न लावता. रुमालानं दाबून दाबून ओल टिपली, घासली नाही. मग मला म्हणाले, "जाळ पाहिजे. गॅस नको. कागद, पुठ्ठा, काय बी, भुरकन पेटणारं. आन एक घमेलं."

जिन्याखाली जुन्या चाचणी परीक्षांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, रद्दीत जायचे. दोन गठ्ठे आणले. सभागृहामागच्या ओट्यावर घमेल्यात जाळ झाला. माझ्या विद्यार्थ्यांनी वाऱ्यांवर लिहिलेल्या टिपांमधून एवढी ऊब निघेल असं मला वाटलं नव्हतं. नाना जाळापासून दोन हात लांब उभे राहिले, डफ उभा धरून गोल गोल फिरवत. मधेच मागे घ्यायचे, तळहाताची उलटी बाजू कातड्याजवळ न्यायचे, पुन्हा धरायचे. मग डफ बाईकडे करून त्यांनी मानेनं खूण केली. बाईनं टिचकी मारली. नानांनी मान कलती करून ऐकलं आणि दोन बोटं दाखवली, अजून थोडं. असं पाच-सहा वेळा झालं. दुभाषी माझ्या शेजारी उभी होती, तिला काही कामच नव्हतं.

मी नानांच्या हातांकडे बघत होते. पंचाहत्तरीचे हात, खडूनं आयुष्यभर कोरडे पडलेले. ते काठ सोडून आत एकदाही गेले नाहीत.

शेवटच्या टिचकीला आवाज ओट्यावरून सुटला तो समोरच्या भिंतीला लागून परत आला. बाईनं डोळे मिटले. नानांनी डफ तिच्या हातात ठेवला, रुमाल घडी करून खिशात घातला आणि मला म्हणाले, "कुणाला सांगू नको." आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

बाईनं वाजवलं ते मला नीट सांगता येणार नाही. तिनं डफ उभा धरला होता, अंगठा काठाच्या भोकात, आणि दोन्ही हातांची बोटं चालत होती. आतल्या बाजूला बारीक तारा ताणलेल्या, त्यामुळे प्रत्येक थापेमागून एक गुणगुण निघायची. आमची पोरं, ज्यांना डीजेशिवाय काही चालत नाही, ती पुढे सरकून बसली. सेनगावची मुलगी तर खुर्ची सोडून जमिनीवर. मला त्यातलं काही कळलं नाही आणि कळलं नाही याचं काही वाटलं नाही. मी नानांकडे पाहिलं. ते उठून बाहेर गेले नव्हते. हात मांडीवर होते, मुठी मिटलेल्या.

टाळ्या थांबतात न थांबतात तोच प्राचार्यांनी माझ्या हातातला माईक घेतला. ओट्यावरचं कुणीतरी पाहिलं होतं आणि त्यांच्या कानावर घातलं होतं. "मित्रहो, आज एक गुपित उघड होत आहे. हा डफ दुरुस्त कुणी केला? आपल्या गुरुजींनी. आपल्यातच एक हलगीवादक इतकी वर्षं लपून बसले होते. मी गुरुजींना विनंती करतो, त्यांनी मंचावर यावं आणि दोन ठोके वाजवून पाहुण्यांना आपली संस्कृती दाखवावी."

पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना काय माहीत. मी नानांकडे बघायचं धाडस करत नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी 'गुरुजी' हा शब्द कमावला होता आणि प्राचार्यांनी एका वाक्यात, तेही कौतुकानं, तो काढून दुसरा लावला होता. आणि नानांना इथे आणलं होतं मी, डफाचं लपवून. त्या वेळी कुणी मला घमेल्यात उभं केलं असतं तरी मी तक्रार केली नसती.

नाना उठले. सावकाश पायऱ्या चढले. प्राचार्यांनी माईक पुढे केला. नानांना माईकची सवय आहे, झेंडावंदनाला आयुष्यभर बोललेत, पण त्या दिवशी त्यांची भाषा घरचीच आली.

"मी हलगीवाला न्हाई," ते म्हणाले. "मी मास्तर हाय. माझा बाप वाजवत होता. त्याला बोलावलं की जावं लागायचं. अंगात ताप असू द्या, घरात मयत असू द्या. न्हाई म्हणायची सोय नव्हती. ती सोय आमी करून घेतली. म्हणून मी आज न्हाई म्हणून राहिलो. सरांनी राग मानू नये."

प्राचार्यांचा हात माईक परत घ्यायला पुढे आलेला, तो तसाच राहिला. त्यांचा चेहरा उतरला आणि मला त्यांचीही थोडी दया आली. दुभाषी मोरोक्कोच्या बाईच्या कानाशी लागून सगळं सांगत होती. सांगून झाल्यावर बाईनं काहीतरी विचारलं, दुभाषीनं पुन्हा सांगितलं. मग बाई उठून नानांसमोर आली. डफ तिनं त्यांच्यापुढे केला नाही, स्वतःकडेच धरला.

दुभाषी म्हणाली, "त्या म्हणतात, तुम्ही मास्तर आहात तर मला शिकवा. तुमच्या वडिलांचं काय होतं ते तोंडानं सांगा. हात माझे."

नाना माझ्याकडे वळले नाहीत, कुणाकडेच वळले नाहीत. त्यांनी हात पाठीमागे घेतले आणि एका मनगटावर दुसऱ्या हाताची पकड धरली. वर्गात पोरांचे पाढे ऐकताना ते असेच उभे राहायचे. मग माईकपासून तोंड बाजूला करून ते म्हणाले, "टाक-टिकड, टाक-टिकड, टाक-टिकड टिकड टांग."

बाईनं आधी तोंडानं म्हटलं. तिच्या जिभेवर ते वेगळंच झालं. नाना म्हणाले, "पुन्हा." तिनं पुन्हा म्हटलं. "टिकड घाईत न्हाई. पुन्हा." तिनं पुन्हा म्हटलं. पोरं हसायला लागली, कारण त्यातल्या कितीतरी जणांच्या आई-बापांनी या माणसाच्या हाताखाली असंच 'पुन्हा' ऐकलेलं होतं. चौथ्यांदा नानांनी मान हलवली आणि बाईनं डफ उचलला.

आजोबांचा ठेका मी पहिल्यांदा ऐकला तो असा. मोरोक्कोच्या बाईच्या हातून, तिच्या आजीच्या डफावर. मी त्याची जी कल्पना केली होती, रागाची किंवा दुःखाची, तसं त्यात काही नव्हतं. तो खेळकर होता. चालताना पाय आपोआप उचलावा असा. म्हणजे माझे आजोबा खेळकर होते, हे मला तेव्हा कळलं, आणि मी समितीप्रमुख असून मंचाच्या कडेला उभी राहून रडले. सेनेगलच्या माणसानं तारा छेडल्या, बासरीनं मधे एक लकेर टाकली. नाना पाठीमागे हात बांधून शेवटपर्यंत उभे होते, फक्त उजव्या पायाची टाच वर-खाली होत होती.

निघताना प्राचार्य गाडीपाशी आले. "गुरुजी, माझं चुकलं," एवढंच म्हणाले. नाना म्हणाले, "तुमचा हेतू वाईट नव्हता." मग स्कुटीवर माझ्या मागे बसले. मला वाटलं, डफाचं लपवलं म्हणून आता मला ऐकून घ्यावं लागणार. मी माफी मागायच्या तयारीत होते.

"वस्तीचं ठरलेलं मोडलं का गं मी?" नानांनी विचारलं.

"नाही नाना. हात कुठे लावला तुम्ही?"

"हाताचं सोड. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. त्याचं काय?"

थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "थांबव गाडी. आक्काला फोन लाव. तिला सांगितल्याबिगर मला भाकर जायची न्हाई." आक्का म्हणजे माझी आत्या. नाना तिला आजही घाबरतात. रस्त्याकडेला एका चहाच्या टपरीपाशी थांबलो, मी फोन लावला, स्पीकर सुरू केला, कारण नानांना एका कानानं कमी ऐकू येतं.

"आक्का, मी आज कॉलेजात दादाचा ठेका सांगितला," नाना म्हणाले. आपल्या वडिलांना ती दोघं दादा म्हणायची. "एका परदेशी बाईला. हात न्हाई लावला. तोंडानं सांगितला."

पलीकडे कुठेतरी शेळी ओरडली.

"आक्का?"

"ऐकून राहिले."

"तिच्या डफाचं कातडं भिजलं होतं. ते पण मीच तापवलं."

"कशावर?"

"पोरांच्या पेपरावर."

"कडबा नव्हता व्हय?"

"कॉलेजात कडबा कुठून आणू, आक्का."

नाना खाली मान घालून उभे, पंचाहत्तर वर्षांचा माणूस. टपरीवाला चहा ओतता ओतता थांबला होता.

"कोणता सांगितला?" आत्यानं विचारलं.

नानांनी आजूबाजूला पाहिलं, फोन तोंडाजवळ घेतला आणि हळूच म्हटलं. टाक-टिकड, टाक-टिकड, टाक-टिकड टिकड टांग.

"चुकलास," आत्या म्हणाली. "शेवटी टांग दोनदा हाय. दादा दोनदा मारायचा. तू लहान होतास, तुला ध्यानात न्हाई." आणि तिकडून साखऱ्याच्या आपल्या अंगणातून, ऐंशीच्या पुढची माझी आत्या, जिनं बैठकीनंतर कधी हा ठेका ओठांवर येऊ दिला नव्हता, तिनं अख्खा ठेका म्हणून दाखवला. न अडखळता, शेवटी दोनदा.

नाना फोनवर वाकले.

"पुन्हा म्हण, आक्का," ते म्हणाले.